खोलीत कुणी आलं नव्हतं

४ मार्च

सतरा नंबरने आज सगळ्यांना खूश केलं. सरांनी स्वतःच्या हाताने बिस्किटांचा पुडा फोडला, आणि आमच्या प्रयोगशाळेत आनंदाची मजल यापलीकडे कधी जात नाही.

सतरा नंबर म्हणजे आमचं रसायन. मेंदूतल्या एका रिसेप्टरवर ते जाऊन बसतं आणि चवताळलेल्या माणसाला झोपवून न टाकता शांत करतं, अशी आमची दोन वर्षांची आशा आहे. आत्ता जी औषधं मिळतात ती माणसाला आडवं पाडून भांडण थांबवतात. मला आडवा पडलेला दादा नको आहे. चालता-बोलता, टोमणे मारणारा दादा हवा आहे, फक्त हात न उगारणारा.

प्रयोग साधाच असतो. एका नर उंदराला पिंजऱ्यात बरेच दिवस एकटं ठेवायचं, खालचा भुसासुद्धा बदलायचा नाही. पिंजरा पुरता त्याचा झाला की एक परका नर आत सोडायचा. घरमालक पाहुण्यावर तुटून पडतो. आज सतरा नंबर दिलेल्या घरमालकांनी पाहुण्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पेंगले नाहीत, लडखडले नाहीत, मिशा साफ करत आरामात बसून राहिले. सर म्हणाले, "अगदी संतमंडळी!" मी म्हटलं, सर, पुन्हा करून बघू आधी. पण मनातून उड्या मारत होते.

त्या उड्या घरी आल्यावर थांबल्या. दुपारी दादाने नळदुरुस्तीवाल्याला ढकललं. दादा अंघोळीला गेला होता तेवढ्यात आईने नळवाल्याला दादाच्या खोलीतला पाइप बघायला आत नेलं. दादा बाहेर आला, आणि मग हे झालं. नळवाला सज्जन निघाला, काही बोलला नाही, फक्त पाना तिथेच टाकून पळाला.

बाबा म्हणाले, "बास झालं आता. एकतीस तारखेला त्याला तिकडे पोचवायचं. जागा सांगून ठेवलीये मी." तिकडे म्हणजे गावाबाहेरची मनोरुग्णांची ती संस्था. मी बघून आले आहे. खिडक्या लख्ख आहेत आणि एकही उघडत नाही.

मी भांडले. बाबा आयुष्यभर वाहन परवान्याच्या परीक्षा घेत होते, समोरच्याला नापास करणं त्यांच्या हाडात मुरलं आहे. शेवटी तह झाला. महिनाअखेरपर्यंत दादाचा हात एकदाही उठला नाही तर तो घरीच राहील. उठला तर मी मध्ये पडायचं नाही.

सत्तावीस दिवसांत औषध काही तयार होत नाही, हे मलाही कळतं. पण तोवर त्याला सांभाळणं माझ्या हातात आहे. सांभाळणार.

७ मार्च

दादाची आठवड्याची नोंद केली. दवाखान्यातली लक्षणं मोजायची मोजपट्टी मी घरीही वापरते, तिचं रीतसर प्रशिक्षण घेतलं आहे. गोळ्या वेळेवर. झोप बरी. त्याला ऐकू येणारे आवाज मध्यम. दादा आवाजांना 'मंडळी' म्हणतो. "मंडळी आज फार बोलतायत," असं, शेजारच्या बिऱ्हाडाबद्दल सांगावं तसं सांगतो.

एकच गोष्ट हटत नाही. आपल्या खोलीत कुणीतरी येतं, वस्तू हलवतं, हा संशय. हा रकाना मी वर्षानुवर्षं 'तीव्र' असाच भरते आहे. याच्यावरूनच मागे डॉक्टरीणबाईंनी गोळी वाढवली. तेव्हापासून त्याचे हात थरथरतात. नकाशे काढायचा तो, सरकारी कचेरीत. केसाएवढ्या बारीक रेघा मारायचा. आता पेन्सिली नुसत्या ओळीने लावून ठेवतो.

डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच भेटीत बजावलं होतं, त्याच्या भ्रमाशी वाद घालू नका आणि त्याला खतपाणीही घालू नका. आईला हे बरोबर जमतं. तो संध्याकाळी फिरायला गेला की ती भरभर खोली झाडून घेते, चादर बदलते, सगळं होतं तसं ठेवते. त्याने विचारलं तर म्हणते, "कुणी नाही रे आलं राजा." विषय संपतो. उगाच कशाला त्याला पेटवायचं?

११ मार्च

आज हसू आवरेना. दादाने आपल्या खोलीच्या उंबऱ्यावर शिशाच्या पेन्सिलीची पूड पसरून ठेवली होती. आई नेहमीसारखी आत गेली आणि तळवे काळे करून बाहेर आली. बिचारीने ओल्या फडक्याने सगळी पूड पुसून टाकली, तो यायच्या आत.

तो आला. उंबऱ्याकडे बघत उभा राहिला. "पूड कुठे गेली?"

"वाऱ्याने गेली असेल," आई म्हणाली.

खिडकी बंद होती.  मी विचारलं, "हे काय चाललंय दादा?"

"प्रयोग."

"कसला?"

"तू उंदरांवर करतेस, मी घरावर करतो."

त्याची जुनी तिरकस बोलण्याची ढब इतक्या दिवसांनी ऐकली आणि बरं वाटलं. नोंदीत मात्र लिहावंच लागलं, संशय वाढला, आता पुरावे गोळा करण्यापर्यंत मजल. डॉक्टरीणबाईंना कळवलं. त्या म्हणाल्या, पुढच्या भेटीत गोळीचं बघू.

१४ मार्च

प्रयोग पुन्हा केला. पुन्हा संतमंडळी. सर अहवालाचं पहिलं पान लिहायला बसलेसुद्धा.

मला मात्र एक गोष्ट खुपते आहे. सरांच्या बिस्किटाचा तुकडा एका पिंजऱ्यात पडला, भुशात गेला. आतला सतरा नंबरवाला उंदीर सकाळपासून उपाशी. तो त्या तुकड्यावरून दोनदा चालत गेला आणि त्याला पत्ता नाही. आमच्या इमारतीत बिस्किट सोडणारा प्राणी अजून जन्माला यायचा आहे.

आईला जेवताना घरमालक उंदराची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "अगं पण तो चावतो माहितीये, तर दुसऱ्याला त्याच्या घरात सोडताच कशाला?"

म्हटलं, "प्रयोग आहे तो आई. आणि उंदराचं माणसाला लावायचं नसतं."

"मी कुठे लावलं? मी उंदराबद्दलच बोलतेय."

विद्यार्थ्यांनाही मी पहिल्या दिवशी हेच सांगते. उंदीर म्हणजे छोटा माणूस नव्हे. या एका चुकीपायी आमच्या क्षेत्रात भल्याभल्यांची फजिती झाली आहे. माझी व्हायची नाही.

१६ मार्च

भुशात बिस्किट पुरलं आणि उपाशी उंदीर सोडले. साध्या उंदरांनी बघता बघता उकरून काढलं. सतरा नंबरवाले नेमके त्यावर बसून मिशा साफ करत राहिले.

नाक गेलं आहे त्यांचं. आमच्या रसायनाने राग शमवलाच नाही, वास घेण्याची शक्ती मारली. उंदीर परका ओळखतो तो वासावरून. ते संत वगैरे कुणी नव्हते, कुणी आलंय हेच त्यांना कळलं नव्हतं.

मी खुर्चीत बसून रडले. दोन वर्षं. मग तोंड धुतलं आणि सरांकडे गेले.

सरांनी टेबलावर बोटं वाजवली. "हे आत्ताच अहवालात घालायला हवं का? वेगळं तपासू की सावकाश."

"आत्ताच घालायला हवं सर."

"एवढ्याशा बिस्किटापायी?"

"एवढ्याशा बिस्किटापायीच. आपण म्हणतोय राग गेला. राग आहे तिथेच आहे."

ते म्हणाले, सोमवारी बोलू. सोमवारीही मी हेच म्हणणार आहे.

१९ मार्च

डाव्या हाताने लिहिते आहे, अक्षर वाचता आलं तर वाचावं.

मला वाटू लागलं होतं की दादा गोळ्या गिळत नसावा, कुठेतरी लपवत असावा. नाहीतर संशय इतका का वाढेल? आज बाबा त्याला केस कापायला घेऊन गेले. मी मुद्दाम उशिरा कामावर जायचं ठरवून त्याच्या खोलीत शिरले. गादीखाली बघितलं, खण उघडले, पेन्सिलींचे डबे उपसले. एकही गोळी नाही. सगळं होतं तसं लावलं आणि बाहेर पडत होते, तर हा दारात. न्हाव्याकडे गर्दी होती म्हणून दोघे परत आले होते. बाबा खाली गाडी लावत होते.

"आत गेली होतीस?"

"नाही रे. तुला हाक मारायला आले होते."

"मी घरात नाही हे माहीत होतं तुला."

"विसरले."

त्याने माझ्या खांद्यावरून आत पाहिलं. मग मला बाजूला ढकललं, खणांकडे जायला. जोराने ढकललं. मी कपाटाच्या कोपऱ्यावर आपटले आणि मनगट मोडल्याचं मलाच ऐकू आलं. दादाने वळून पाहिलं आणि भिंतीला पाठ लावून खाली बसला. डोकं दोन्ही हातांनी धरून, "मी नाही, मी नाही," म्हणत राहिला. मला त्याचा राग आला नाही. भीती वाटली, ती एकतीस तारखेची.

आईने सगळं पाहिलं होतं. ती कुजबुजली, "ह्यांना नको सांगूस." बाबा वर आले तेव्हा मी बाथरूममध्ये घसरल्याचं सांगितलं. आई म्हणाली, "फरशीच ओली होती." आम्ही मायलेकी काय खोटं बोलतो! ठरवून बोलावं लागत नाही.

दादाने हे ऐकलं. माझ्याकडे बघत राहिला. आभार मानत असेल असं मला वाटलं.

२२ मार्च

प्लास्टर घालून कामावर गेले. सरांनी अहवालाचा मसुदा पुढे केला. बिस्किटाचा प्रयोग शेवटच्या पानावर, तळटीपेत, मुंगीएवढ्या अक्षरात. मी तो एका हाताने उचलून पहिल्या पानावर नेला. वाक्यही घातलं, हे रसायन आक्रमकता कमी करतं असं म्हणता येत नाही.

"दोन वर्षं पाण्यात," सर म्हणाले.

"पाण्यात जाऊ देत सर. खोट्यात नकोत."

त्यांनी सही केली. चिडून केली, पेन फेकलं, पण केली. वाटेत मी स्वतःवर बेहद्द खूश होते.

संध्याकाळी चहा घेत होते, तर दादा समोर येऊन बसला. आई भाजी आणायला गेली होती, बाबा नेहमीप्रमाणे फेरफटक्याला.

"हात दुखतोय?"

"थोडा."

"मी केलं ते."

"चुकून झालं रे."

"बाबांना तू बाथरूममध्ये पडले म्हणून सांगितलंस."

"तुझ्यासाठी सांगितलं."

"आणि मला सांगितलंस की आत गेलीच नव्हतीस." थरथरणारी बोटं त्याने टेबलाखाली घेतली. "तेही माझ्यासाठीच का?"

मी त्याच्यासाठीही चहा ओतला.

"मंडळी सांगतात, आई रोज येते. पट्टी उलटी ठेवते ती, अंक खाली करून. मी अंघोळीला गेलो की बाबा कपाट उघडतात. मंडळी सांगतात तू गादी उचललीस. तुम्ही तिघं सांगता कुणीच आलं नव्हतं." तो रागावलेला नव्हता. खरोखर विचारत होता. "मंडळी माझ्याबद्दल घाणेरडं बोलतात, मला मर म्हणतात. पण खोलीबद्दल आजवर एकदाही खोटं बोललेली नाहीत. मग मी घरात कुणाचं खरं मानायचं?"

 तो उठून खोलीत गेला.

२३ मार्च

जुन्या सगळ्या नोंदी काढून बसले. संशय तीव्र. संशय तीव्र. संशय तीव्र. माझ्याच अक्षरात, खाली माझीच सही. एकदाही मला वाटलं नाही की आधी खोलीत कुणी जातं का ते बघावं. मला ते माहीतच होतं! उंदराच्या नाकासाठी सरांशी भांडणारी मी. आणि सख्ख्या भावाने पूड पसरली, पूड नाहीशी झाली, खिडकी बंद होती, तरी मी 'संशय वाढला' असं लिहून मोकळी झाले. लाज वाटली. अजून वाटते आहे.

डॉक्टरीणबाईंना फोन केला, सगळं सांगितलं. 

"आई रोज आत जातात, हे तुम्ही मला कधीच सांगितलं नव्हतं."

"तुम्हीच म्हणाला होतात, वाद घालू नका."

"वाद घालू नका म्हटलं होतं मी. खोटं बोला म्हटलं नव्हतं." मग जरा मऊ झाल्या. "हे बघा, आजार आहे. आवाज आहेत. औषध चालूच राहणार. हात उचलण्याचं सगळं कारण यातच सापडलं असं समजू नका. पण वाढवलेल्या गोळीचा मी पुन्हा विचार करते. त्याला घेऊन या. आणि या वेळी मी त्याच्याशी बोलेन, तुमच्याशी नंतर."

आता प्रश्न बाबांचा. खरं सांगायचं तर मनगटाचंही सांगावं लागणार. मनगटाचं सांगितलं की तह मोडला, एकतीस तारीख पक्की. गप्प बसले तर दादा घरात राहील, आणि या घरात मंडळींशिवाय त्याच्याशी खरं बोलणारं कुणी नसेल. दिवसभर दोन्ही बाजूंनी विचार केला. दोन्हीकडे दादाच जातो.

उद्या सकाळी सांगणार. सगळ्यांसमोर, त्याच्यासमोर. बाबांनी नाही ऐकलं तर संस्थेच्या फाटकात आडवी पडेन, पण सांगणार.

२४ मार्च

सांगितलं.

चौघेही नाश्त्याला बसलो होतो.  मी म्हटलं, "दादा, त्या दिवशी मी तुझ्या खोलीत गेले होते. तुझ्या गोळ्या शोधायला. गादी उचलली, खण उघडले. तू विचारलंस तेव्हा खोटं बोलले. आणि बाबा, मी बाथरूममध्ये पडले नाही. दादाने ढकललं."

बाबांनी कप खाली ठेवला. "म्हणजे हात उठला."

"उठला."

"मग ठरल्याप्रमाणे—"

"मी रोज जाते," आई मध्येच म्हणाली.  "रोज जाते रे मी, झाडायला. पूडही मीच पुसली. तुला त्रास होऊ नये म्हणून नाही म्हणत होते."

दादाने तिच्याकडे पाहिलं, मग बाबांकडे. अगदी शांतपणे विचारलं, "बाबा, काल तुम्ही माझं कपाट उघडलंत?"

"ना—" बाबा म्हणाले आणि अडखळले. त्यांच्या तोंडून अर्धा शब्द मागे फिरलेला मी जन्मात ऐकला नव्हता.  "उघडलं. नेहमी उघडतो. सुरी-बिरी काही ठेवली आहेस का, बघायला."

"सापडली?"

"नाही. नकाशे आहेत."

"नकाशेच असतात," दादा म्हणाला. उठला, खोलीत गेला आणि दार लावून घेतलं.

आम्ही तिघं त्या दाराकडे बघत बसलो. आई सवयीने उठली, त्याचा कप न्यायला दारापर्यंत गेली आणि तशीच परत आली. बाबा गच्चीत गेले. थोड्या वेळाने त्यांचा फोनवरचा आवाज आला. "नाही, एकतीसला नको. नाही हो, तो बरा झाला असं काही नाही. आमच्याकडेच जरा बघायचं राहिलंय." मग आत येऊन माझ्याकडे न बघता म्हणाले, "एप्रिलअखेर पुन्हा बघू. पास केलेलं नाही कुणाला." मी हो म्हटलं. एप्रिलअखेर म्हणजे महिनाभर आहे. महिनाभरात मी पुष्कळ काही करू शकते.

दिवसभर दादा बाहेर आला नाही. कुणी आत गेलं नाही. आईने झाडू दोनदा उचलून ठेवला, पण गेली नाही.

संध्याकाळी माझ्या दारावर टकटक झाली. आमच्या घरात असं कुणी वाजवत नाही, मला वाटलं बाहेरचं कुणी आलं. दादा होता. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"मंडळी गप्प आहेत असं समजू नकोस," तो म्हणाला. "दिवसभर बडबडतायत."

"बरं."

"पण परवापासून मला सांगत होती, बहीण कबूल करणार नाही. मेली तरी करणार नाही. तिघंही करणार नाहीत. अगदी पैजेवर सांगत होती." त्याने माझ्या प्लास्टरकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हसला. "पहिल्यांदा खोटी पडली."